भाड्याचं माहेर

माझ्या साडूंना खुर्चीत नीट टेकून बसलेलं पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. ते बसतात, नाही असं नाही, पण खुर्चीच्या कडेवर, एक पाय दाराकडे वळवून, आणि खांद्यावरची पिशवी खांद्यालाच ठेवून. चहा तर ते उभ्यानेच घेतात, आणि तोही आमच्या हॉलच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत. त्यामुळे ते गेल्यावर कप टीव्हीजवळ सापडतो आणि बशी संध्याकाळपर्यंत सापडत नाही. माझ्या लग्नातल्या फोटोंत मोठे जावई म्हणून त्यांना मानाने बोलावून बोलावून उभं केलं होतं, पण एकाही फोटोत ते पूर्ण नाहीत. एकात नुसता कोपर आहे, एकात फेट्याचा शेमला, आणि एकात चौकटीबाहेर निघालेली पाठ. फोटोग्राफरने म्हणे शेवटी सासऱ्यांना विचारलं होतं की यांना कुठली गाडी पकडायची आहे का.

आयुष्यभर ते पाटबंधारे खात्यात होते. म्हणजे धरण बांधायला निघालं की तिथल्या कॉलनीत पत्र्याच्या क्वार्टरमध्ये संसार मांडायचा, आणि पाणी अडलं की पत्रे निघायच्या आत दुसऱ्या धरणाकडे जायचं. माझी मोठी मेहुणी सांगायची, लग्नात आलेली एक परात तिने पंधरा वर्षं गोणपाटातून सोडलीच नाही, कारण सोडेपर्यंत बदलीचा हुकूम यायचा. त्यांची एकुलती एक लेक प्राजू अशाच क्वार्टरांतून वाढली. आज त्यातली एकही खोली उभी नाही. काहींवर बाभळी उगवल्या, काही खरोखरच पाण्याखाली गेल्या. प्राजूचं लग्न झालं, ती खारघरला नांदायला आली, आणि वर्षाच्या आत मेहुणी गेली. साडू रिटायर होऊन कराडकडच्या गावी धाकट्या भावाच्या घरात पुढच्या सोप्यात राहू लागले. राहू लागले असं आपलं म्हणायचं. भावजय म्हणते, भाऊजी आमच्याकडे फक्त जेवायला थांबतात.

तर या गृहस्थांनी एके दिवशी सकाळीच कोपरखैरण्याला आमची बेल वाजवली. मी रबाळ्याला कंपनीत निघण्याच्या घाईत, एक मोजा पायात आणि एक हातात. ते दारातूनच म्हणाले, "पाव्हणं, प्राजूला दिवस गेल्यात. हितं घर बघायचं हाय. भाड्यानं. चार महिन्यांपुरतं."

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, हे मलाही ठाऊक होतं. पण डॉक्टरने प्राजूला लांबचा प्रवास बंद केला होता. घाट नाही, खड्डे नाहीत, गावातल्या गावात हळू गाडीतून गेलीस तर चालेल. अशा वेळी सरळ माणूस म्हणेल, ठीक आहे, सासरीच करू. सासू चांगली आहे, नवरा शहाणा आहे, दवाखाना वाशीला आहे, टेन्शन कसलं? आमच्या साडूंचा हिशेब वेगळा. लेकीला माहेरी जाता येत नाही ना? मग माहेरच तिकडे न्यायचं.

"अहो पण दाजी, मी काय मेले का?" माझी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "इथे आणू तिला. आपलं घर आहे. मी आहे करायला."

"मावशीचं घर ते मावशीचं घर," साडू खिडकीकडे जाता जाता म्हणाले. "माहेर बापाचं लागतं."

झालं. बायको आत गेली आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली. ते गेल्यावर माझ्यावर डाफरली, "माय मरो पण मावशी उरो म्हणतात जगात, आणि हे..." एवढं बोलून ती थांबली, कारण म्हणीचा पहिला अर्धा तिच्या लक्षात आला.

त्या दिवसापासून माझे रविवार संपले. शनिवारी गावाकडून निघून साडू पहाटे वाशीला उतरायचे आणि माझा चहा व्हायच्या आत मला बाहेर काढायचे. दोन-दोन मोबाइल बाळगणारा एक एजंट आम्ही धरला होता. त्याने पहिल्या दिवशी उत्साहाने खारघरलाच फ्लॅट दाखवले. लेकीच्या बिल्डिंगच्या समोरच एक रिकामा होता. मी म्हटलं, सुटलो. साडूंनी बाल्कनीत जाऊन समोर पाहिलं, कान दिला, आणि मान हलवली. "सासरच्या कुकरची शिट्टी ऐकू येतीय. ते माहेर न्हवं. माहेराला जायचं म्हणजे पोरीला गाडीत बसून वाईच तरी जावं लागलं पायजे. वाटेत एकदा तरी इचारलं पायजे तिनं, आलं का म्हणून." खारघर अख्खं बाद झालं. एजंटने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

घर बघण्याची त्यांची रीत खात्यातली. आत शिरले की पहिल्यांदा सगळे नळ सोडायचे. मोरीतला, बेसिनचा, ओट्याचा, गच्चीला असेल तर तोही. मग डोळे मिटून मधोमध उभं राहायचं. "पाण्याला जोर हाय, पण टाकी लहान. बाळंतिणीच्या घरी दुपारी नळ रडायला लागला तर काय करता?" नेरुळच्या एका नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये ते असे डोळे मिटून उभे असताना बेसिनखालचा पाइप निसटला आणि मालकाने बसवलेलं लाकडी फ्लोअरिंग भिजलं. मालक ओरडायला लागल्यावर साडूंनी खिशातून सुतळी काढून पाइप बांधला आणि त्यालाच ऐकवलं, "बरं झालं आम्ही आलो. भाडेकरू आल्यावर फुटला असता." नळांनंतर दुसरी परीक्षा. बाळंतिणीची खाट जिथे येणार तिथे स्वतः फरशीवर आडवं व्हायचं. धोतर-टोपीवाला माणूस रिकाम्या हॉलमध्ये उताणा पडून छताकडे बघतोय आणि शेजारचे लोक दारातून डोकावताहेत, हा देखावा मी कितीतरी सोसायट्यांत पाहिला. एकीने तर मला हळूच विचारलं, काकांना चक्कर आली का, पाणी आणू का. वरच्या मजल्यावरचा मिक्सर, लिफ्टचा धडधडाट, उशाला येणारं ऊन, सगळं त्यांना आडवं झाल्यावरच कळायचं आणि घर बाद व्हायचं.

आणि जिथे घर पास व्हायचं तिथे साडू नापास. सीवुड्सच्या एका सोसायटीत आम्ही सेक्रेटरीपुढे उभे होतो. गृहस्थ सभ्य, पण नियमाचे पक्के. "काका, सॉरी हां. आमच्याकडे बॅचलरना अलाउड नाही."

"बॅचलर कोण?" साडूंनी मागे वळून पाहिलं.

"तुम्ही एकटेच राहणार ना?"

"पोरगी येणार हाय बाळंतपणाला."

"म्हणजे फॅमिली किती जणांची?"

"आज एक," साडू म्हणाले. "पुढच्या महिन्यात दोन. मग तीन. आन मग म्हणाल तर परत एक."

सेक्रेटरीने हे सगळं कमिटीपुढे ठेवायचं कबूल केलं. कमिटीची मीटिंग कधी असते असं विचारल्यावर ते म्हणाले, कोरम झाला की. एजंट खाली आल्यावर म्हणाला, "काका, इथे अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट चालतं. तुमाला चार महिने पायजे, तर सर्व्हिस अपार्टमेंट बघा ना. रेडी असतं. बॅग घेऊन घुसायचं."

म्हणून तेही बघितलं. परदेशातून कंपन्यांत येणारे पाहुणे जिथे महिना-दोन महिने उतरतात तसलं ते. पांढऱ्याशुभ्र चादरी, गादीवर हंसासारखा घडी केलेला टॉवेल, टेबलावर चहाची किटली आणि दोन बिस्किटं. टाय लावलेला मॅनेजर आम्हाला सर म्हणत होता. साडूंनी हंस उचलून पाहिला, परत ठेवला, आणि विचारलं, "बाळ-बाळंतिणीला शेक द्यायची शेगडी कुठं ठेवायची? ओवा-बाळंतशोपाची धुरी लागंल रोज." मॅनेजर घाबरा झाला. त्याने छताकडे बोट दाखवलं. "धूर झाला की अलार्म वाजतो सर, आणि वरून पाणी पडतं." हे ऐकून साडू खूष झाले. वरून पाणी सोडणारी ती लाइन कुठून आली, व्हॉल्व्ह कुठे आहे, प्रेशर किती, हे त्यांनी मॅनेजरला अर्धा तास विचारलं. निरोप घेताना म्हणाले, "लाइन चांगली टाकलीय. पण ही जागा येऊन जायची हाय, ऱ्हायाची न्हवं." मॅनेजरने आम्हाला दारापर्यंत पोचवलं आणि दार आतून लावून घेतलं.

इकडे दिवस भरत चालले होते. सातवा संपत आला. प्राजूचा मला फोन यायला लागला. "काका, आप्पांना समजवा ना. कशाला एवढी धावपळ? मी इथे बरी आहे. सासूबाई सगळं करतात." तिच्या सासूबाईंनीही मला फोन करून सुचवलं की व्याह्यांनी आमच्याकडेच येऊन राहावं, संकोच करू नये. सगळं जग गोड बोलत होतं आणि मी दर रविवारी उन्हात तडतडत होतो. शेवटी एका दुपारी, तुर्भ्याच्या अलीकडे एका सोसायटीच्या गेटबाहेर, माझा तोल गेला. वॉचमनने आम्हाला आतच सोडलं नव्हतं, माझी टाच चपलेने सोलली होती, आणि साडू पुढच्या बिल्डिंगकडे बोट दाखवत होते.

"साडूभाऊ, पुरे आता," मी म्हटलं. "कुणी मागितलंय हे माहेर तुमच्याकडे? पोरगी नको म्हणते. तिची सासू नको म्हणते. माझी बायको हात पसरून उभी आहे. कुणासाठी चाललंय हे?"

साडू थांबले. थांबले म्हणजे खरंच थांबले. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून फुटपाथवर ठेवली. त्यांच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ दिसत होता. इतक्या वर्षांत मी त्यांचा तो खांदा कधी मोकळा पाहिला नव्हता.

"हिची आई गेली तवाची गोष्ट हाय," ते म्हणाले. "दिवस झाल्यावर पोरगी सासरी निघाली. गाडीत बसल्यावर काच खाली केली आन म्हणली, आप्पा, आता मी यायचं कुठं? मी म्हणलं, बघू." त्यांनी पिशवी पुन्हा खांद्याला लावली. "तवापासनं बघतोय, पाव्हणं."

आम्ही पुढच्या बिल्डिंगकडे गेलो. तिथेही नाहीच म्हणाले.

घर मिळालं ते घणसोली गावात. टॉवरांच्या मागे जुनं गावठाण आहे, घराला घर चिकटलेलं, गल्ली एवढी की समोरासमोरच्या दोन बायकांनी हात लांब केले तर वाटीभर साखर देता येते. तिथे एका काकींच्या घराच्या वर दोन खोल्या आणि पुढे गॅलरी होती. काकी उंबऱ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. साडूंनी वर जाऊन नळ सोडला. पाणी नव्हतं, ते फक्त सकाळी यायचं. आडवे झाले, तर खालच्या दुकानाचं शटर, कोंबडा आणि कुणाच्या तरी पोराचं पाढे म्हणणं एकदम ऐकू आलं. त्यांच्या परीक्षेत हे घर साफ नापास होतं. खाली येऊन ते नकाराचं तोंड करून उभे राहिले, तोवर काकींनीच विचारलं, "कोन कोन ऱ्हानार हाय?"

साडूंनी सगळं सांगितलं, अगदी एकटा असल्यापासून. काकींचे लसणावरचे हात थांबले. "लेक बालतपनाला येतंय, तिला नाय कसं बोलू? कवा येतंय?"

"आठव्यात."

"मंग उबं का ऱ्हायलाव? चुना मारून घ्या."

आणि साडूंनी चुना मारला. स्वतः. मग खाट आली, पाळणा टांगायला कडी आली, गावाकडून डिंक, खारीक, हळीव आले, आणि गोणपाटात बांधलेली ती परातही आली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका घरात सगळं बांधलेलं सामान सोडलं, आणि तेही चार महिन्यांसाठी. मग एका संध्याकाळी आमच्याकडे आले आणि बायकोसमोर उभे राहिले. "ताई, घर मी केलं. पर त्यात बाई पायजे. मला काय ठावं न्हाई त्यातलं. तुमी या." बायकोने पातेल्याखालचा गॅस बंद केला आणि कपड्यांची बॅग काढली. मला चार महिने डब्यावर काढावे लागले, ते वेगळंच.

प्राजू आली तेव्हा मी तिथे होतो. नको नको म्हणणारी मुलगी. जिना हळू चढून आली, खोलीभर नजर फिरवली, पुढच्या खोलीत चटईवर बसली, आणि "मावशी, जरा पाठ टेकते" म्हणाली ती संध्याकाळपर्यंत झोपली. सासरी दुपारची कधी झोपत नाही, हे तिचा नवरा नंतर सांगत होता. साडू आनंदाने वेडे झाले. माहेरी आलेली पोर झोपते, एवढं त्यांना कळत होतं. ते चपला न घालता खाली गेले आणि गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. भंगारवाला आला, त्याला परत पाठवलं. पाव विकणाऱ्याला खुणेने सांगितलं, भोंगा नको. दोन कुत्र्यांनाही त्यांनी काहीतरी समजावलेलं मी पाहिलं.

मुलगी झाली. दवाखान्यात नर्सने त्यांना चार वेळा बसवलं आणि ते पाच वेळा उठले, पण सगळं सुखरूप झालं. मग सव्वा महिना त्या गॅलरीतून धुरीचा वास गल्लीभर जायचा, काकी रोज वर येऊन न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या चुका काढायच्या, बायको लाडू वळायची, आणि साडू जिन्यात खेपा घालायचे. पुढे आणखी महिनाभर पोर राहिली. मग सासरची गाडी आली. बायकोने ओटी भरली. प्राजू सगळ्यांच्या पाया पडली, काकींच्याही. साडूंनी नात हातात घेतली, एकदा नीट पाहिली, आणि लगेच परत दिली, जणू कुणी रागवेल. गाडी गेली. त्याच संध्याकाळी त्यांनी खोल्या झाडून काकींना किल्ली दिली आणि गावची गाडी पकडली. मी म्हटलं, दोन दिवस राहा आमच्याकडे. "काम झालं," ते म्हणाले, आणि वळले.

गेल्या आठवड्यात प्राजू पोरीला घेऊन आमच्याकडे आली होती. परत जाताना म्हणाली, काका, उलटं पडेल, पण जरा घणसोली गावातून घ्या ना गाडी. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवायला लावली. उतरून पोरीला उंच धरलं. वर गॅलरीत कुणा परक्याचे शर्ट वाळत होते. प्राजूने तिकडे बोट दाखवून पोरीला सांगितलं, "ते बघ, तुझं आजोळ. आईचं माहेर." मग डोळे पुसले आणि गाडीत येऊन बसली.

घरी पोचल्यावर मी साडूंना फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे नेहमी चपलांचा आवाज असतो, बोलता बोलता ते चालत असतात. तो आवाज थांबला.

"पुन्यांदा सांगा," ते म्हणाले. "काय म्हणली?"

"आईचं माहेर, म्हणाली."

मग म्हणाले, "वर शर्ट कुणाचे होते?"

"नवा भाडेकरू असेल कोणी."

"माझीच दोरी हाय ती," ते म्हणाले. "वजनाला जरा कमी हाय. फार ओलं टाकू नका म्हणावं त्यास्नी." पलीकडे चपला पुन्हा वाजायला लागल्या. "आन काकींना जरा इचारून ठेवा, दिवाळीला खोली रिकामी हुतीय का. चार दिवस पुरे. पोर माहेरपणाला यायची."

मी फोन ठेवला आणि चपला शोधायला लागलो. बायकोने विचारलं, एवढ्या उन्हात कुठे निघालात?

"खोली बघायला," मी म्हटलं.

"थांबा," ती म्हणाली. "मी पण येते."